पोरगं माल पोचवतंय असं कळलं तर

कोल्हापुरात आमच्या घरी कांदा-लसूण चटणी होते. शिमगा झाला की संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची आणायची, देठं काढायची, उन्हात घालायची, डंकावर कुटून आणायची आणि पाव किलो, अर्ध्या किलोच्या पिशव्या भरून विकायच्या. वजनाचा छोटा काटा स्वयंपाकघरातल्या फळीवर असतो, त्याच्या कडेला कायम लाल थर. दोन वर्षांमागं एप्रिलमध्ये एका सकाळी तो काटा लख्ख पुसलेला दिसला. हातात घेतला तर चटणीचा वास नाही, ओलं गवत कोंडून ठेवल्यासारखा कसला तरी वास. गिऱ्हाइकाला चव बघायला मी दहा ग्रॅमच्या झिपच्या पिशव्या देते, त्यांचं पाकीटही अर्धं झालेलं.

माझा धाकटा तेव्हा १९ वर्षांचा होता. आयटीआयला, फिटरच्या दुसऱ्या वर्षाला. माझ्याच काट्यावर तो गांजा जोखत होता.

त्यानंतर मी जे केलं त्यातलं निम्मं चुकलं, म्हणून हे लिहिते आहे. नशा करणाऱ्या पोरांच्या आयांना कुणी ना कुणी काहीतरी सांगतं. विकणाऱ्याच्या आईला कुणी सांगत नाही, कारण ती तोंडच उघडत नाही.

ओळखायचं कसं

डोळे लाल आहेत का ते बघत बसू नका. पोचवणाऱ्या पोराच्या खुणा वेगळ्या असतात. भरल्या ताटावरून 'आलो दहा मिनिटांत' म्हणून उठणं. गल्लीच्या तोंडाला गाडी थांबते, हाक कुणी मारत नाही, नुसता हॉर्न वाजतो. मोबाईल दोन, त्यातला एक साधा. खात्यावर दोनशे-तीनशेच्या रकमा, पाठवणाऱ्यांची नावं तुम्ही कधी ऐकलेली नाहीत. तालमीतले, फुटबॉलमधले जुने दोस्त घरी यायचे बंद. माझ्या पोराची आणखी एक खूण होती, ती मला कळायला हवी होती. तो एकाएकी घरात फार गोड वागायला लागला. न सांगता गॅस बुक करायचा, सिलिंडरचे पैसेही तोच द्यायचा. मला बरं वाटायचं. ते बरं वाटणं आजही मला खातं.

पैशाच्या हावेनं गेला असं मी धरून चालले होते. तसं नव्हतं. पेठेच्या संघात खेळायचा, गुडघा गेला, मैदान सुटलं, संध्याकाळ रिकामी झाली. पहिले काही दिवस कुणी पैसे मागितले नाहीत. मग उधारी सुरू झाली. ती सहा हजारांवर गेल्यावर त्याला सांगितलं, "पैसं नसू देत, एवढी पुडी पोचीव." बहुतेक पोरं अशीच पितापिता विकायला लागतात. वर बसलेल्या माणसाला आपल्या पोरात एकच गोष्ट हवी असते. गल्लीत त्याला कुणी अडवत नाही. चटणीवाल्या मावशींचा पोरगा आहे, कुणाच्याही सोप्यात जाऊन बसेल.

त्या रात्री

मी लाटण्यानं मारलं. मग सापडलं ते सगळं मोरीत ओतलं. दोन्ही चुकलं. मारल्यावर तो आठ दिवस बोललाच नाही, आणि त्या आठ दिवसांत मला जे विचारायला हवं होतं ते राहून गेलं. ओतलेल्या मालाची किंमत त्याच्या उधारीत चढली. घरात काही सापडलं तर हात लावण्याआधी वकिलाला गाठा. वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. बाईला, १८ च्या आतल्या मुलाला आणि कोठडीत असलेल्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १५१०० वर फोन करा, नाहीतर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस विचारा. हे मला फार उशिरा कळलं.

पोराला चारच गोष्टी विचारा, आवाज न चढवता. घरात आत्ता काय आहे? देणं किती आहे आणि कुणाचं? तू स्वतः काय घेतोस? आणि कुणाकुणाला दिलंस? शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ लागतो. तो सोडू नका.

आता पैशाचं. मी एक पाटली गहाण टाकून गुपचूप अकरा हजार दिले. घ्यायला आलेलं पोरगं विशीचंच होतं, त्यानं मला वाकून नमस्कार केला. महिन्यानं चौदा हजारांचा निरोप आला. पैसे दिले की त्यांना कळतं, या घरात पैसाही आहे आणि लाजही. पुढं मी नाही म्हटलं, तेव्हा पोराला सांगण्यात आलं, "हायवेवरनं एक पिशवी आणून दे, सगळं मिटलं." ती आणताना तो जुलैमध्ये पकडला गेला. पिशवीत सव्वा किलो गांजा होता.

म्हणून सांगते, चोरून देऊ नका. घरातल्या आणखी दोघांना, निदान एका दिराला किंवा भावाला सांगा. धमकी आली तर तारीख-वेळ वहीत लिहा, फोनवरचे मेसेज पुसू नका, दारात कुणी आलं तर ११२. आणि त्या माणसाला जाब विचारायला एकट्यानं जाऊ नका. माझा थोरला निघाला होता, त्याला मी दारात आडवी झाले.

कायदा, जेवढा आईला लागतो तेवढा

१९८५ चा अमली पदार्थांचा कायदा वजनावर चालतो. गांजा एक किलोपर्यंत असेल तर ते अल्प प्रमाण, शिक्षा एक वर्षापर्यंत, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच्या वर गेलं की दहा वर्षांपर्यंत आणि लाखापर्यंत दंड. वीस किलोच्या वर कमीत कमी दहा वर्षं, वीसपर्यंत, आणि जामीन फार अवघड. माझ्या पोराला वाटत होतं, 'गांजाच तर आहे.' पावशेरानं त्याचं कलम बदललं. मेफेड्रोन, ज्याला पोरं एमडी म्हणतात, त्याचं अल्प प्रमाण दोनच ग्रॅम आणि व्यापारी प्रमाण ५० ग्रॅम. माझ्या चव बघायच्या पाच पिशव्या भरल्या की ५० ग्रॅम होतात. हे मी आता प्रत्येक पोराला ती पिशवी हातात देऊन दाखवते. ते गप्प होतात.

पोरगं १८ च्या आतलं असेल तर त्याच्या हातून माल पोचवून घेणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ७८ कलम लागतं, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. त्या वयाच्या मुलाला नशा देणाऱ्यालाही ७७ कलमाखाली तेवढीच. हे दुसरं माझ्या पोरालाही लागू शकलं असतं. मी ते लपवत नाही.

एक वाट कायद्यानंच ठेवली आहे. पोरगं स्वतः व्यसनी असेल, प्रकरण नुसत्या सेवनाचं किंवा अल्प प्रमाणाचं असेल आणि ते आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल, तर ६४-अ कलमाखाली खटल्यापासून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडला तर सूट काढून घेता येते. म्हणजे लवकर गेलेल्याचा फायदा आहे. आम्ही उशिरा गेलो. चार महिने तो कळंबा जेलमध्ये होता, आता जामिनावर आहे, तारखा चालू आहेत.

उपचार

सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, तिथून सुरुवात करा. फोनवर विचारायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मनाच्या तब्येतीसाठी १४४१६. गांजा सुटताना पहिला आठवडा वाईट जातो. चिडचिड, झोप नाही, जेवण नाही. झोप बसायला त्याहून जास्त दिवस लागतात. त्या दिवसांत घरात भांडण काढू नका. झोपेच्या किंवा नशेच्या गोळ्या घेत असेल तर मात्र स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका, आकडी येऊ शकते. डॉक्टर हळूहळू उतरवतात. जिमला जाणारी पोरं मेफेंटरमाइनचं इंजेक्शन घेतात असं कळलं तर 'ताकदीचं आहे' हे ऐकून घेऊ नका. ऑपरेशनच्या वेळी पडलेला रक्तदाब वर आणायचं ते औषध आहे, हृदयावर येतं.

भरती करायचं ठिकाण स्वतः बघून या. एका ठिकाणी आम्हाला सांगितलं, तीन महिने भेटायचं नाही, फोन नाही, पैसे आगाऊ. आतून कुणाच्या तरी ओरडण्याचा आवाज येत होता. आम्ही परत फिरलो. नोंदणीचं प्रमाणपत्र मागा, डॉक्टर रोज येतो का विचारा, भेटू देतात का विचारा. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतं. चांगलं ठिकाण कसं असतं ते कळायला तिथं एकदा जाऊन यायला हरकत नाही.

ज्यांना विकलं त्यांच्या घरी

आता जे सांगते ते मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं.

माझ्या पोरानं सात घरं सांगितली. त्यातलं एक, माझ्याकडं बारा वर्षं देठं काढायला येणाऱ्या बाईचं. तिचा १६ वर्षांचा मुलगा. मला कळल्यावर चार दिवस ती माझ्या समोर बसून मिरची निवडत होती आणि मी तिला चहा देत होते. पाचव्या दिवशी सांगितलं. तिचे हात थांबले, मग पुन्हा चालायला लागले.

"कवापासनं?"

"दिवाळीपासनं."

"डब्यातलं पैसं कमी व्हायचं," ती म्हणाली. "मी मालकावर आळ घेतला. दोन दिस जेवला नाही गडी."

मी दिलेली मजुरी ती डब्यात ठेवायची. त्यातले दोनशे तिचं पोरगं काढायचं, माझ्या पोराला द्यायचं, आणि माझं पोरगं माझा गॅस भरायचं. तिच्या बोटांची आग होणारे पैसे फिरून माझ्याच चुलीखाली आले होते. दोघींनाही ते एकाच वेळी कळलं असावं. ती उठली, हात धुतले, चपला घातल्या आणि गेली. त्या हंगामात परत आली नाही.

बाकीच्या घरांचं सांगायचं तर, दोघांनी दार लावलं. एकीनं 'आमचा तसला नाही' म्हणून गल्ली ऐकेल अशा शिव्या दिल्या. एका घरी बापानं तिथंच पोराचं डोकं भिंतीवर आपटलं. ती चूक माझी, बाप घरात असताना मी बोलायला नको होतं. दोन घरांनी ऐकून घेतलं.

म्हणून जायचं तर असं जा. आधी वकिलाशी बोला. खटल्यात त्याचा त्रास होऊ शकतो असं ते सांगतील, ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. मी तरीही गेले असते. दुपारी जा, त्या पोराची आई एकटी असताना. आपलं पोरगं पहिल्यांदा नेऊ नका. काय दिलं, कधीपासून, किती, एवढंच सांगा, गोलगोल बोलू नका. १४४४६ हा नंबर कागदावर लिहून न्या. आणि माफी मागत बसू नका. माफी मागितली की त्या बाईला तुमची समजूत काढावी लागते, आणि तिला त्या वेळी स्वतःच्या पोराकडं बघायचं असतं. पाणी दिलं तर प्या, नाही दिलं तर उठा.

माल कुठून येतो त्याची माहिती द्यायची असेल तर अमली पदार्थांसाठी १९३३ हा राष्ट्रीय नंबर २०२४ पासून आहे. माहिती कुणी दिली हे सांगायची सक्ती अधिकाऱ्यावर करता येत नाही, तसं कायद्याचं ६८ कलम आहे. मी फोन केला, एवढंच इथं लिहिते.

नंतर

पोरगं सुटून आलं की घरात कोंडू नका आणि मिरवूही नका. माझा आता मिरचीची पोती डंकावर नेतो, कुटून आणतो. गल्लीतल्या सगळ्यांना दिसतो. दोन फोनचा एक केला आहे. जुना काटा मी फेकला नाही, तो रोज त्याच्याकडूनच पुसून घेते. यावर घरात दोन मतं आहेत, थोरला म्हणतो की मी त्याला टोचते. असेलही.

ती बाई गेल्या वर्षी आली नाही. यंदा शिमग्यानंतर चौथ्या दिवशी आली, कोपऱ्यात आपल्या जागी बसली, पदर तोंडाला बांधला. "मजुरी वाढवलीस का न्हाई?" म्हणाली. वाढवली. तिचं पोरगं सीपीआरला जात होतं, आता उद्यमनगरात कामाला लागलंय, हे तिनं मला आठवडाभरानं सांगितलं. ती आली की माझा धाकटा आपणहून बाहेर जातो. अजून दोघं समोरासमोर बोललेले नाहीत, मी बोलवतही नाही.

यंदा दुपारी देठं काढायला आणखी दोघी-तिघी येतात, त्यांना मजुरी नको असते. घरी 'मिरची निवडायला चाललो' म्हणून सांगून येतात. परवा एक नवी आली होती, सोप्यात बसून नुसती मिरची हातात फिरवत होती. मी बोलायच्या आधी तीच बोलली, माझी बारा वर्षांची जोडीदारीण. "सीपीआरला केसपेपर सकाळी लवकर काढायचा बघ," तिला म्हणाली, "आणि पोराला खाऊ घालूनच न्यायचं. लाइनीत उपाशी राहिलं की पळून जातंय."