तुमचा खासदार संसदेत नेमके काय करतो? घरबसल्या तपासण्याची रीत

निवडणूक आली की 'संसदेत आवाज उठवला' हे वाक्य प्रत्येक प्रचारपत्रकावर दिसते. कोणत्या प्रश्नावर, कोणत्या दिवशी, आणि पुढे त्याचे काय झाले, हे मात्र त्यात नसते. ते शोधण्यासाठी दिल्लीत कोणी ओळखीचे असावे लागत नाही. दोन्ही सभागृहांचे बहुतेक कामकाज आज इंटरनेटवर कोणालाही फुकट वाचता येते. लागते ती थोडी चिकाटी, आणि कुठे काय सापडते याची माहिती.

महाराष्ट्रातून लोकसभेवर 48 आणि राज्यसभेवर 19 खासदार जातात. गोव्यातून लोकसभेवर 2 आणि राज्यसभेवर 1. त्यांतला एक निवडा. त्याबरोबरच एक विषयही निवडा, आणि ही निवड जास्त महत्त्वाची आहे. विषय हाताशी नसेल तर शेकडो प्रश्न आणि भाषणे समोर येतात, आणि माणूस दमून नुसते आकडे मोजू लागतो. या लेखात मी कांद्याचे उदाहरण घेतो. तुमचा विषय लोकल गाड्यांचा असेल, पीकविम्याचा असेल किंवा एखाद्या रखडलेल्या महामार्गाचा, रीत तीच.

आकड्यांपासून सुरुवात करा, पण तिथे थांबू नका

दोन ठिकाणे लक्षात ठेवा. पहिले संसदेचे अधिकृत संकेतस्थळ, संसद डॉट इन. तिथे लोकसभा किंवा राज्यसभा निवडून सदस्यांच्या यादीत नाव शोधले, की त्या सदस्याच्या पानावरून त्याच्या प्रश्नांकडे आणि चर्चांकडे जाता येते. दुसरे ठिकाण पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च. ही संस्था 2005 पासून संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करते. तिच्या 'एमपी ट्रॅक' या विभागात प्रत्येक खासदाराची हजेरी, प्रश्न, चर्चांतला सहभाग आणि खासगी विधेयके (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली) एकाच पानावर मिळतात. शेजारी राज्याची आणि देशाची सरासरीही दिलेली असते.

हे पान वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. मंत्री असलेले खासदार प्रश्न विचारत नाहीत, खासगी विधेयके मांडत नाहीत आणि हजेरीपटावर सहीही करत नाहीत. त्यामुळे नितीन गडकरी किंवा पीयूष गोयल यांच्या नावापुढे हे आकडे शोधण्यात अर्थ नाही; त्यांचे काम पाहायचे ते त्यांनी दिलेल्या उत्तरांत आणि मांडलेल्या विधेयकांत. दुसरे म्हणजे पोटनिवडणुकीत आलेल्या किंवा मधेच राज्यसभेवर गेलेल्या सदस्याची पूर्ण मुदत बसलेल्याशी तुलना करू नका. तिसरे, हजेरी म्हणजे त्या दिवशी नोंद झाली एवढेच. माणूस सभागृहात किती वेळ बसला, हे त्यातून कळत नाही.

'संसदरत्न' पुरस्काराचे फलक आपल्याकडे चौकाचौकांत लागतात. त्या पुरस्काराच्या निवडीत प्रश्न, चर्चा आणि खासगी विधेयके यांच्या संख्येला मोठे वजन असते. मेहनतीची ती एक खूण आहे, हे मान्य. पण संख्या मोठी असली म्हणजे तुमच्या विषयाला हात लागलाच असे होत नाही.

प्रश्न वाचा, आणि उत्तर त्याहून नीट वाचा

माझ्या मते खासदाराची खरी ओळख इथे पटते. लोकसभेत दररोज 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न यादीत असतात. राज्यसभेत 15 आणि 160. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर फक्त लेखी मिळते. कोणाचा प्रश्न यादीत येणार हे सोडतीने ठरते. त्यामुळे तारांकित प्रश्न कमी दिसले तर त्यात नशिबाचाही भाग असतो.

संकेतस्थळावर प्रश्न शोधताना सदस्याचे नाव आणि मंत्रालय असे दोन्ही निवडा. कांद्याच्या उदाहरणात इथेच बारकावे सुरू होतात. लागवड आणि उत्पादनाचा प्रश्न कृषी मंत्रालयाकडे जातो. निर्यातबंदी आणि निर्यातशुल्काचा संबंध वाणिज्य आणि अर्थ मंत्रालयाशी येतो. शहरातला किरकोळ भाव आणि सरकारी खरेदीचा राखीव साठा ग्राहक व्यवहार विभागाकडे. 8 डिसेंबर 2023 ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि मे 2024 मध्ये किमान निर्यातमूल्य व शुल्काच्या अटींवर ती खुली केली. या काळात नाशिक, दिंडोरी, शिर्डी, अहमदनगर, शिरूर इथल्या तेव्हाच्या खासदारांनी कोणत्या मंत्रालयाला काय विचारले, हे लावून पाहा. ज्याला विषय कळतो तो नेमक्या दारावर टकटक करतो. 'देशात कांद्याचे उत्पादन किती?' असे सरसकट विचारणारा प्रश्न वेगळा, आणि 'राखीव साठ्यासाठी कोणत्या तालुक्यातून, कोणत्या दराने खरेदी झाली?' हा प्रश्न वेगळा. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला जोडलेला तक्ता शेतकऱ्याच्या हातात पडला तर उपयोगी ठरतो.

उत्तराची पीडीएफ उघडल्यावर आधी वरची नावे पाहा. एकसारखे प्रश्न एकत्र केले जातात, म्हणून एकाच उत्तरावर कधी कधी अनेक खासदारांची नावे असतात. प्रत्येकाच्या खात्यात तो प्रश्न एक म्हणून मोजला जातो. मग उत्तर वाचा. विचारलेल्या प्रत्येक भागाला उत्तर मिळाले का? की 'क ते ङ' असे भाग एकत्र करून योजनेची सर्वसाधारण माहिती दिली? 'माहिती गोळा करून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल' असे वाक्य आले तर ते लिहून ठेवा. असे वाक्य सरकारचे आश्वासन मानले जाते. ते सहसा तीन महिन्यांत पुरे करायचे असते, आणि त्यावर लक्ष ठेवायला दोन्ही सभागृहांत शासकीय आश्वासन समिती आहे. तुमच्या खासदाराने पुढच्या अधिवेशनात त्याच विषयाचा माग काढला का, हे पाहा. एकाच विषयावर सलग तीन-चार अधिवेशने प्रश्न येत असतील, तर तो माणूस मनापासून काम करतो आहे असे समजायला हरकत नाही.

भाषणे: पूर्ण मजकूर मिळवा

मोबाइलवर फिरणारी अर्ध्या मिनिटाची चित्रफीत म्हणजे भाषण नव्हे. संसद टीव्हीच्या यूट्यूब वाहिनीवर पूर्ण कामकाज पाहता येते, आणि संसद डॉट इनवर चर्चेचा शब्दशः वृत्तान्त मिळतो. हिंदी किंवा इंग्रजीत केलेले भाषण त्याच भाषेत असते; मराठी भाषणाचा मात्र कधी कधी फक्त अनुवाद मिळतो.

वृत्तान्तात दोन खुणा ओळखा. काही भाषणांना ताऱ्याची (*) खूण असते आणि खाली 'सभा पटलावर ठेवले' अशी तळटीप. याचा अर्थ वेळेअभावी भाषण उभे राहून केले गेले नाही, ते लेखी दिले गेले. तेही वाचण्यासारखे असू शकते. पण 'सभागृह दणाणून सोडले' असा दावा त्यावर उभा राहत नाही. दुसरी खूण शब्द कामकाजातून काढल्याची किंवा नोंदले न गेल्याची. तिथे नेमके काय झाले हे त्या दिवसाच्या वर्तमानपत्रात शोधावे लागते.

भाषणाची लांबी न्यायाने मोजा. बोलण्याचा वेळ पक्षाच्या संख्याबळानुसार वाटला जातो. एकट्या सदस्याच्या पक्षाला काही मिनिटे मिळतात, आणि मोठ्या पक्षातल्या नवख्याचा क्रमांकच लागत नाही. म्हणून शून्य प्रहर (तातडीचे विषय मांडण्याची वेळ), लोकसभेतील नियम 377 खालचे विषय आणि राज्यसभेतील विशेष उल्लेख हेही बघा. स्थानिक मागण्या बहुतेक तिथेच मांडल्या जातात.

सवड असेल तर संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात जुने वृत्तान्तही चाळा. राजापूरचे खासदार नाथ पै यांनी 1967 मध्ये घटनादुरुस्तीच्या अधिकाराविषयी खासगी विधेयक मांडले होते. ते आणि त्यांच्यानंतर त्याच मतदारसंघातून निवडून आलेले मधु दंडवते यांची भाषणे वाचली, की एक खासदार किती तयारीने उभा राहू शकतो याचे माप हाती येते. आजच्या प्रतिनिधीकडून तेवढीच अपेक्षा ठेवण्यात काहीच चूक नाही.

खासगी विधेयकांबद्दल थोडक्यात. शुक्रवारी दुपारी त्यांना वेळ असतो. आजवर अशी फक्त 14 विधेयके कायदा झाली, शेवटचे 1970 मध्ये. म्हणून ते मंजूर झाले का, यापेक्षा त्यात काय लिहिले आहे ते पाहा. सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलला उत्तर न देण्याच्या हक्काचे विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही, पण विषय देशभर चर्चेत आला.

मतदान: इथे नोंद तुटपुंजी आहे

परदेशातल्या काही संसदांप्रमाणे आपल्याकडे प्रत्येक विधेयकावर कोणी कसे मत दिले याची यादी मिळत नाही. बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. 'हो' म्हणणारे जास्त वाटले की पीठासीन अधिकारी तसे जाहीर करतात आणि कोणाचेही नाव नोंदले जात नाही. सप्टेंबर 2020 मध्ये राज्यसभेत कृषी विधेयके अशीच, मतविभागणीची (नावानिशी मतमोजणीची) मागणी होत असताना आवाजी मतदानाने मंजूर झाली. त्यामुळे त्या दिवशी कोण कोणत्या बाजूला होता, हे नावानिशी आज दाखवता येत नाही. मतदारांच्या दृष्टीने ही फार मोठी उणीव आहे, असे मला वाटते.

सदस्याने मागणी लावून धरली आणि मतविभागणी झाली, तर मात्र नावे मिळतात. घटनादुरुस्ती मंजूर होताना मोजणी होतेच, कारण त्यासाठी एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मते लागतात. त्या दिवसाचा वृत्तान्त उघडा आणि 'डिव्हिजन' हा शब्द इंग्रजीत शोधा. खाली 'बाजूने', 'विरोधात' आणि 'तटस्थ' अशा याद्या येतात.

20 सप्टेंबर 2023 ला लोकसभेत महिला आरक्षणाचे विधेयक 454 विरुद्ध 2 मतांनी मंजूर झाले. त्या दोन विरोधी मतांपैकी एक महाराष्ट्रातले होते: औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांचे. दुसरे त्यांच्या पक्षाचे प्रमुख असदुद्दीन ओवैसी यांचे. अशी नोंद असली की मतदाराला थेट विचारता येते: हे मत तुम्ही का दिले?

जाहीर झालेला आकडा 'दुरुस्तीच्या अधीन' असतो, हेही लक्षात ठेवा. 17 डिसेंबर 2024 ला एकत्रित निवडणुकांचे विधेयक मांडताना लोकसभेच्या नव्या सभागृहात प्रथमच यंत्राने मतदान झाले. ज्यांना मत बदलायचे होते किंवा ज्यांचे नोंदले गेले नव्हते त्यांना चिठ्ठ्या दिल्या गेल्या, आणि मग 269 विरुद्ध 198 असा आकडा जाहीर झाला. म्हणून यादीबरोबर तळटीपही वाचा. नाव कोणत्याच यादीत नसेल तर लगेच 'पळ काढला' असा निष्कर्ष नको. आजारपण, दौरा किंवा पक्षाचा सभात्याग यांपैकी काहीही असू शकते.

मताचा अर्थ लावताना पक्षादेश, म्हणजे व्हिप, विसरू नका. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हिप मोडणाऱ्याची खासदारकी जाऊ शकते. त्यामुळे मतावरून पक्ष कळतो. माणूस कळायचा असेल तर त्याने विधेयकाला सुचवलेल्या दुरुस्त्या आणि समितीतले काम पाहावे लागते.

समित्या: सर्वात कमी पाहिले जाणारे काम

मंत्रालयांवर देखरेख ठेवणाऱ्या 24 स्थायी समित्या आहेत. प्रत्येकीत 31 सदस्य: 21 लोकसभेचे, 10 राज्यसभेचे. त्यांची मुदत एक वर्षाची असते. याशिवाय लोकलेखा समिती, अंदाज समिती, आणि एखाद्या विधेयकासाठी नेमलेल्या संयुक्त समित्या. बैठका बंद दाराआड होतात आणि तिथे पक्षादेश चालत नाही. कॅमेरा नसल्यामुळे खासदार अधिकाऱ्यांना मोकळेपणाने धारेवर धरू शकतात.

बंद दारामागचे कळावे कसे? अहवाल उघडा आणि थेट शेवटच्या पानांकडे जा. तिथे परिशिष्टात बैठकांची इतिवृत्ते जोडलेली असतात, आणि प्रत्येक बैठकीला हजर असलेल्या सदस्यांची नावे असतात. वर्षभरातल्या अहवालांवरून तुमच्या खासदाराची समितीतली हजेरी तुम्ही स्वतः काढू शकता. हे काम कंटाळवाणे आहे, पण जवळपास कोणीच करत नाही, आणि म्हणूनच त्याला किंमत आहे.

त्याच पानांत असहमतीच्या टिप्पण्या असतात. वक्फ दुरुस्ती विधेयकावरच्या संयुक्त समितीचा अहवाल जानेवारी 2025 मध्ये 15 विरुद्ध 11 मतांनी स्वीकारला गेला. मुंबई दक्षिणचे खासदार अरविंद सावंत यांच्यासह विरोधी सदस्यांनी आपले वेगळे मत लेखी नोंदवले. अशी टिप्पणी सभागृहातल्या घोषणेपेक्षा जास्त सांगते, कारण कोणते कलम का पटले नाही हे तिथे सविस्तर लिहावे लागते. सत्ताधारी सदस्यांची भूमिका पाहायची तर विधेयकाचे मूळ रूप आणि समितीने बदललेले रूप शेजारी ठेवून वाचा.

नोंद ठेवा आणि पत्र लिहा

साधी वही किंवा एक्सेलचे एक पान पुरे. तारीख, काय केले, कोणत्या मंत्रालयाशी संबंध, उत्तर काय आले, पुढे माग काढला का, एवढे पाच रकाने करा. वर्षातून साधारण तीन अधिवेशने होतात: अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी. प्रत्येकानंतर एकदा नोंद केली तरी चालते.

आमदाराचे काम पाहायचे असेल तर विधानमंडळाचे संकेतस्थळ आहे. तिथे तारांकित प्रश्नांबरोबर लक्षवेधी सूचनांवर विशेष लक्ष द्या. मुंबईच्या आमदारांचे प्रगतिपुस्तक प्रजा फाउंडेशन काढते, तेही चाळावे.

आणि नोंद झाली की खासदाराच्या कार्यालयाला पत्र पाठवा. 'तुम्ही काय केले?' असे मोघम विचारू नका. प्रश्न क्रमांक, तारीख आणि मंत्र्यांचे उत्तर लिहा, त्यातला कोणता भाग अनुत्तरित राहिला ते दाखवा, आणि पुढच्या अधिवेशनासाठी नेमका प्रश्न तयार करून द्या. प्रश्नाची सूचना किमान 15 दिवस आधी द्यावी लागते. म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच पत्र पोहोचले पाहिजे.