सुरीच्या पाठीवर खाचा पाडताय? या चुका टाळा

नागपुरात मे महिन्यात पारा 45 ला टेकला की घामेजलेला अंगठा सुरीच्या गुळगुळीत पाठीवरून सटकतो. त्यासाठीच मुठीच्या पुढ्यात आडव्या खाचा पाडतात. नक्षी म्हणून पाडणार असाल तर राहू द्या. भाजीच्या सुरीला तर त्या नकोतच. सावजी रश्श्याला ढीगभर कांदा चिरताना पाठीवर टेकलेलं बोट सोलून निघतं.

सगळ्यात महागात पडते ती त्रिकोणी कानस. तिने खाचेचा तळ टोकदार होतो आणि पाणी देताना, म्हणजे तापवलेलं पातं एकदम थंड करून कडक करताना, पोलाद नेमकं तिथूनच तडकतं. बारीक गोल कानस वापरा. नागपुरातल्या इतवारीत लोहाओळीत चौकशी करा. खोली अर्धा ते पाऊण मिलिमीटर पुष्कळ झाली. पाणी दिल्यावर शंका आली तर खाचांना रॉकेल लावून पुसून घ्या, वर खडूची पूड भुरभुरा. तडा असला तर आत मुरलेलं रॉकेल वर येतं आणि पांढऱ्या पुडीत केसासारखी ओली रेघ उमटते. ते पातं भंगारातच टाका, वेल्डिंगच्या नादी लागू नका.

खाचा पाणी देण्याआधीच पाडायच्या. गाडीच्या कमानपाट्याचं पोलाद एकदा कडक झालं की कानस नुसती घसरते आणि तिचेच दात जातात. राहूनच गेलं असेल तर धार पाण्यात बुडलेली ठेवून फक्त पाठ गॅसच्या टॉर्चने निळी होईस्तोवर तापवा. मग कानस थोडीफार चावते. ग्राइंडरने उरकायला गेलात तर मात्र निळेपणा धारेपर्यंत उतरतो आणि धारही मऊ पडते.

अंतर नजरेने ठरवू नका. पाठीला मार्करची शाई फासून कंपासने दीड-दोन मिलिमीटरवर रेघा ओढा. आधी प्रत्येक रेघेवर कानशीचा एकेक हलका हात, मग दुसरी फेरी. एखादी खाच सरकलीच तर कानस किंचित कलती धरून तिला जागेवर आणता येतं. फारच बिघडलं तर पाठ सपाट घासून पुन्हा सुरुवात. आणि रेघा ओढण्याआधी लाकडाची कच्ची मूठ बांधून अंगठा कुठे पडतो ते बघाच.

शेवटी 400 नंबरच्या पॉलिश पेपरने खाचांच्या कडा मोडा. वरून सुती चिंधी ओढा. धागा अडकला तर अजून घासा. पावसाळ्यात गंज आधी याच खाचांत धरतो, तेव्हा जुन्या टूथब्रशने तेल लावत चला.