कथा छापून येत नाही? सीमाभागातल्या नव्या लेखकांनी या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात कथा लिहिणारे कमी नाहीत. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कारदगा इथल्या साहित्य संमेलनांना गेलं की ते दिसतं. पण त्यातल्या थोड्यांच्याच कथा अंकात येतात. मग "पुण्या-मुंबईचे संपादक आपल्याला विचारत नाहीत" असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. कितीतरी कथा वाचल्या जाण्याआधीच अडतात. ज्या वाचल्या जातात, त्यातल्या पुष्कळ कथांमधून लेखकानं आपला मुलूखच पुसून टाकलेला असतो.

आपली बोली लपवणं

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. घरात "मी काम केलो", "मी चहा पिलो" म्हणणारी माणसं कथेत आली की क्रमिक पुस्तकातलं बोलू लागतात. शेजारणीशी अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलणारी आई कथेत कन्नडचा एक शब्दही उच्चारत नाही. शेकड्यानं कथा चाळणाऱ्या संपादकाला हे खोटेपण दोन परिच्छेदांत कळतं. निपाणीच्या महादेव मोऱ्यांनी पिठाची गिरणी चालवत ड्रायव्हर, गॅरेजवाले, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाया यांच्या कथा लिहिल्या आणि त्या मराठीभर वाचल्या गेल्या. त्या माणसांचं बोलणं त्यांनी झाकलं असतं, तर त्यांच्या कथेत उरलं काय असतं?

बोली वापरायची तर ती शेवटपर्यंत निभवावी लागते. पहिल्या पानावर "केलो" म्हणणारा माणूस चौथ्या पानावर "केलं" म्हणाला, की ती बोली राहत नाही, हलगर्जीपणा ठरतो. संवादात बोली आणि निवेदनात प्रमाण मराठी, ही वाट नव्या लेखकाला सोपी. निवेदन करणाराच गावातला असेल, तर सगळी कथा त्याच्या तोंडी राहू द्या. कन्नड वाक्यापुढं कंसात अर्थ देत बसू नका. समोरच्याच्या उत्तरातून तो कळला पाहिजे. आणि सोबतच्या पत्रात एक ओळ आठवणीनं लिहा: "संवादातली बोली हेतुपूर्वक ठेवली आहे, कृपया बदलू नये." नाहीतर मुद्रितशोधक चांगल्या मनानं सगळे "केलो" दुरुस्त करून टाकेल.

भाषणाला कथा समजणं

सीमालढ्यातले १७ जानेवारी १९५६ चे हुतात्मे, १ नोव्हेंबरचा काळा दिन, १९८६ चं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन यांबद्दल आपल्याकडं प्रत्येक घरात काहीतरी सांगण्यासारखं आहे. त्यावर लिहिलंच पाहिजे. पण बऱ्याच कथांमध्ये नायक तिसऱ्या पानावर उभा राहून सीमाप्रश्न समजावू लागतो आणि कथा तिथंच थांबते. शेताची पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, कन्नडमध्ये आहे, ती वाचून घ्यायला म्हातारीला शेजारच्या शाळकरी पोराकडं जावं लागतं, आणि ते पोर एक नाव मुद्दाम गाळून वाचतं. इतकं पुरतं. प्रश्न आपोआप येतो, त्याचं नावही घ्यावं लागत नाही.

याच्याच जवळची चूक म्हणजे संमेलनात रंगलेलं कथाकथन जसंच्या तसं उतरवून पाठवणं. तिथं आवाज, थांबणं, समोरच्यांचं हसणं असतं. कागदावर यातलं काहीच जात नाही. मोठ्यानं वाचून नव्हे, मुकाट्यानं वाचून बघा. श्रोत्यांना उद्देशून टाकलेली वाक्यं लगेच खुपतील, ती काढा.

अंक न वाचता पाठवणं

मराठीतला पहिला दिवाळी अंक 'मनोरंजन'नं १९०९ मध्ये काढला. तेव्हापासून कथेला मोठी जागा याच अंकांनी दिली, आणि आजही नव्या लेखकाची खरी संधी तिथं आहे. पण प्रत्येक अंकाची आवड वेगळी असते. ग्रामीण विनोदी कथा छापणाऱ्या अंकाला प्रयोगशील कथा पाठवली, तर ती वाईट नसूनही परत येते. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे. तिथं किंवा आपल्या तालुक्याच्या वाचनालयात बसून गेल्या दोन वर्षांचे अंक चाळा, आणि आपली कथा कुणाच्या शेजारी शोभेल ते पाहा. शब्दमर्यादाही तिथंच उमगते. वृत्तपत्राच्या पुरवणीला चार हजार शब्दांची कथा पाठवून उपयोग नाही.

वेळेचंही तसंच. दिवाळी अंकाचं काम उन्हाळ्यातच सुरू होतं. गणपतीत पाठवलेल्या कथेला बहुधा जागाच उरलेली नसते. एप्रिल-मेपासून आवाहनं बघत राहा आणि जुलै उजाडण्याआधी पाठवा.

फाइलच उघडत नाही

आपल्याकडच्या डीटीपी सेंटरमध्ये कन्नडसाठी नुडी आणि मराठीसाठी श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट असतात. तिथं टाइप केलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर नुसती अगम्य अक्षरं दाखवते. "युनिकोडमध्ये टाइप करा" असं आधीच सांगा, किंवा मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर स्वतः टाइप करा. वर्डची फाइल पाठवा. वहीच्या पानांचे फोटो तर कुणीच वाचत नाही. फाइलला "कथा" हे नाव देऊ नका. कथेचं शीर्षक आणि तुमचं नाव द्या. पाठवण्याआधी ती मित्राच्या संगणकावर उघडून बघा. ईमेलमध्ये पूर्ण नाव, पत्ता, फोन आणि "कथा स्वतंत्र व अप्रकाशित आहे" एवढं पुरे. आयुष्याची कहाणी नको.

एकच कथा सगळीकडं

एकाच वेळी चार अंकांना पाठवलेली कथा दोन ठिकाणी छापून आली, तर दोन्ही संपादक दुखावतात. फेसबुकवर, व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा 'प्रतिलिपी' ॲपवर आधी टाकलेली कथा अनेक संपादक प्रकाशितच मानतात, म्हणून चांगली कथा अंकासाठी राखून ठेवा. अंकानं मुदत सांगितली नसेल तर तीन महिने वाट पाहून एकदा नम्रपणे विचारा. उत्तर नाही आलं, तर कथा मागे घेत असल्याचं कळवून दुसरीकडं पाठवा. दर आठवड्याला फोन करू नका.

छापण्यासाठी पैसे देणं

"प्रातिनिधिक कथासंग्रहात तुमची कथा घेतो, एवढे भरा, इतक्या प्रती घ्या" असा निरोप आला तर नाही म्हणा. अशा पुस्तकाचे वाचक म्हणजे त्यात पैसे भरलेले लेखकच असतात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, मिळवून देण्याचे वेगळे पैसे मागणाऱ्यांपासूनही सावध राहा. भारतात तो क्रमांक सरकारी संस्थेकडून मोफत मिळतो. अनेक अंक मानधन देत नाहीत हे खरं, पण अंकाची प्रत मागणं हा तुमचा हक्क आहे. पहिल्या संग्रहासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिचे चालू नियम वाचूनच अर्ज करा.

एखाद्यानं करारपत्र पुढं केलं, तर घाईनं सही करू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी दिल्याशिवाय दुसऱ्याकडं जात नाही. कागदावर मुदत नसेल तर तो पाच वर्षांसाठीच दिला असं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरता. अंकाला एकदा छापण्याची परवानगी पुरते. "सर्व हक्क कायमचे" असं दिसलं की ते वाक्य खोडायला सांगा. अंक हातात आला की त्याचं नाव, वर्ष आणि पान क्रमांक वहीत नोंदवा. पुढं संग्रह काढताना पूर्वप्रसिद्धीचा उल्लेख करायला ही नोंद लागते.