नेत्याचे मूळ वक्तव्य कसे शोधावे

एखादा नेता नेमके काय बोलला हे पाहायचे असेल, तर आधी तो कोठे बोलला हे ठरवावे, कारण नोंद कोणी ठेवली असेल हे त्यावर अवलंबून असते. सभागृहातील भाषण शोधणे सर्वांत सोपे. ब्रिटिश संसदेच्या कामकाजाचा वृत्तांत, म्हणजे हॅन्सार्ड, १८०३ पासूनचा, तर अमेरिकी काँग्रेसचा ‘काँग्रेशनल रेकॉर्ड’ १८७३ पासूनचा आहे. लोकसभेतील चर्चा संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात मिळतात. मात्र हे वृत्तांत शब्दशः असतीलच असे नाही: हॅन्सार्डमध्ये पुनरुक्ती गाळली जाते, अमेरिकेत सदस्यांना आपले निवेदन नंतर सुधारता व वाढवता येते, आणि लोकसभेत अध्यक्षांनी कामकाजातून काढून टाकलेले शब्द वृत्तांतात येत नाहीत. म्हणून वाद नेमक्या शब्दावर असेल, तर चित्रफीतही पाहावी.

सभागृहाबाहेरच्या वक्तव्यांचे काम अधिक चिकाटीचे. लक्षात राहिलेले पाच-सहा शब्द अवतरणचिन्हांत घालून, तारखेची मर्यादा लावून, आणि नेता ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत शोधावे. भाषांतरित बातमीतील वाक्य मूळ भाषणात जसेच्या तसे सापडणार नाही, हे उघड असूनही शोध बहुधा तेथेच अडतो. पक्षाच्या संकेतस्थळावरून मजकूर काढला गेला असल्यास त्याचा जुना पत्ता वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या ऑनलाइन संग्रहात टाकून पाहावा. तेथे १९९६ पासूनच्या पानांच्या प्रती आहेत. सापडलेल्या नोंदीचा दुवा, तारीख आणि वाक्याच्या मागचापुढचा परिच्छेद लगेच जतन करावा.