ब्लूटूथचं बटणच गायब? ड्रायव्हर शोधायच्या आधी हे बघा

विंडोजवर ब्लूटूथ चालत नाहीये म्हणून कोणी विचारलं की मी उलट एकच विचारतो, बटण दिसतंय का? म्हणजे सेटिंग्ज उघडून ब्लूटूथ अँड डिव्हायसेसमध्ये गेल्यावर ऑन-ऑफचं ते बटण आहे का तिथे. बटण आहे, ऑन पण होतंय, पण हेडफोन नाहीतर माऊस सापडत नाही हा एक प्रकार. बटणच नाही हा दुसरा, आणि तो पूर्ण वेगळा आजार आहे. पहिल्यात बहुतेक वेळा ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजला ब्लूटूथच्या कार्डाशी बोलायला लावणाऱ्या सॉफ्टवेअरचा, काही संबंध नसतो, दुसऱ्यात हेडफोनचा काही संबंध नसतो, आणि लोक नेमकं उलटं करतात, बटण गायब असताना हेडफोन दहादा रिसेट करतात आणि हेडफोन खिशातल्या फोनला चिकटलेला असताना ड्रायव्हर डाउनलोड करत बसतात.

सोपं आधी उरकू. बटण आहे पण वस्तू दिसत नाही, तर ती वस्तू खरंच पेअरिंग मोडमध्ये, म्हणजे नव्या जोडणीसाठी तयार, आहे का बघा. नुसती चालू करणं म्हणजे पेअरिंग मोड नाही, बहुतेक हेडफोनला बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं, लाइट भराभर लुकलुकायला लागली की समजायचं. आधी ज्या फोनला किंवा टीव्हीला जोडलेलं होतं त्याचं ब्लूटूथ थोडा वेळ बंद करा, नाहीतर ते ऑन झाल्या झाल्या तिकडेच पळतं. विंडोज ११ वर असाल तर त्याच डिव्हायसेसच्या पानावर खाली ब्लूटूथ डिव्हायसेस डिस्कव्हरी असं असतं, ते डीफॉल्टवरून अ‍ॅडव्हान्स्ड केलं की आधी लपलेल्या बऱ्याच गोष्टी यादीत येतात.

आणि माऊस नवा, कॉम्प्युटर जुना असेल तर अजून एक भानगड असू शकते. आजकालचे बरेच ब्लूटूथ माऊस लो एनर्जीवाले, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथचे असतात, त्यांना ब्लूटूथ ४.० तरी लागतं, अडॅप्टर, म्हणजे कॉम्प्युटरमधलं ब्लूटूथचं कार्ड, त्याहून जुना असेल तर तो माऊस यादीत कधीच येणार नाही, कितीही वेळा शोधा. हे तपासायला डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजच्या बटणासोबत एक्स दाबलं की यादीत दिसतो) अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड टॅब बघा, तिथे एलएमपी आणि पुढे आकडा असतो, त्यावरून ब्लूटूथची आवृत्ती कळते. ६ म्हणजे ४.०, ९ म्हणजे ५.०. सहापेक्षा कमी आकडा दिसला तर विषय संपला, डाँगल, म्हणजे यूएसबीला लावायचा छोटा ब्लूटूथ अडॅप्टर, घ्या.

आता बटणच गायब. इथे सगळ्यात आधी जे करायचं ते इतकं फालतू वाटतं की कोणी करतच नाही, ते म्हणजे कॉम्प्युटरची वीज पूर्ण तोडणं. शट डाउन करून पुन्हा चालू केलं की सगळं नव्याने सुरू झालं असं आपल्याला वाटतं, पण विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना सिस्टीमचा आतला भाग डिस्कवर सेव्ह होतो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो, बिघडलेल्या ड्रायव्हरसकट. म्हणून रीस्टार्ट करा, शट डाउन नाही. त्यानेही नाही झालं तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, आणि पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. डेस्कटॉप असेल तर मागचा स्विच बंद करून प्लग काढून तेच करा. कारण असं की ब्लूटूथ कार्डाला मशीन बंद असतानाही थोडी वीज मिळत राहू शकते, त्यामुळे कार्डातलं फर्मवेअर, म्हणजे कार्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर, एकदा अडकलं की ते अडकूनच बसतं. मी बघितलेल्या गायब ब्लूटूथपैकी बरेच एवढ्यावर परत आलेत आणि समोरच्याला मी काहीतरी मोठं केल्यासारखं वाटलंय.

तरी नाही आलं तर विंडोजच्या बटणासोबत एक्स दाबा, डिव्हाइस मॅनेजर उघडा, वर व्ह्यूमध्ये जाऊन शो हिडन डिव्हायसेस करा. आता नीट बघा काय दिसतंय.

ब्लूटूथ नावाचा गटच नाही आणि खाली अदर डिव्हायसेसमध्ये पिवळ्या त्रिकोणासकट अननोन डिव्हाइस किंवा असंच काही दिसतंय? मस्त, खरंच सांगतो, ही चांगली बातमी आहे. कार्ड जिवंत आहे, फक्त ड्रायव्हर नाही. त्यावर डबल क्लिक केलं की आत कोड २८ लिहिलेलं असेल, त्याचा अर्थच ड्रायव्हर टाकलेला नाही. विंडोज नव्याने टाकल्यावर हे हमखास होतं.

आता कुठला ड्रायव्हर ते नावावरून ओळखायचं नाही, नाव काहीही असतं. त्याच खिडकीत डिटेल्स टॅब, प्रॉपर्टीच्या यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. एक लांबलचक ओळ येईल, त्यात व्हीआयडीच्या पुढे चार आकडे-अक्षरं, पीआयडीच्या पुढे चार. व्हीआयडी म्हणजे कंपनी, पीआयडी म्हणजे मॉडेल. ८०८७ असेल तर इंटेल, ०बीडीए रिअलटेक, ०ए५सी ब्रॉडकॉम, ०ई८डी मीडियाटेक. दुसरं काही आलं तर ती ओळ राइट क्लिकने कॉपी करून सर्च करा, कळतं. इंटेल असेल तर इंटेलच्याच साइटवर ब्लूटूथचं पॅकेज मिळतं. बाकीच्यांसाठी लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर जाऊन आपल्या मॉडेलचा किंवा खालच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर टाका आणि तिथलाच घ्या. तिथे वायफाय आणि ब्लूटूथचे ड्रायव्हर बऱ्याचदा वेगवेगळे असतात, वायफायचा टाकला म्हणजे ब्लूटूथचाही आला असं धरून चालू नका.

त्याच्याही आधी एक आळशी उपाय आहे, विंडोज अपडेटमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग ऑप्शनल अपडेट्स, त्यात ड्रायव्हर अपडेट्स उघडून बघा. तिथे ड्रायव्हर येऊन गुपचूप बसलेला असतो, आपण टिक केल्याशिवाय उतरत नाही. नेटच नसेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, अँड्रॉइड फोनचं नेट बहुतेक वेळा तसंच चालतं.

एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर टाकून देणारी जी सॉफ्टवेअरं मिळतात त्यांच्या नादी लागू नका. मी लागलो होतो. एक छोटा डाँगल घेतला होता, लावला की कोड १० यायचा, डिव्हाइस कॅनॉट स्टार्ट. मी तसलं एक सॉफ्टवेअर टाकलं, त्याने तीन वेगवेगळे ड्रायव्हर टाकून पाहिले आणि चालत असलेला साउंडचा ड्रायव्हर पण बदलून ठेवला, म्हणजे ब्लूटूथ नव्हतंच, आता आवाजही गेला. शेवटी हार्डवेअर आयडी बघितला तर तो एका नावाजलेल्या चिपचा होता, पण डाँगल उघडून पाहिला तर आतल्या चिपवर काहीच छापलेलं नाही, कोरी. नक्कल होती. आयडी खऱ्याचा लावला होता आणि आतून ती चिप खऱ्याच्या ड्रायव्हरशी नीट बोलू शकत नव्हती. असल्या डाँगलला जगातला कुठलाच ड्रायव्हर पुरा पडत नाही, दुसरा घेतला तो लावल्या लावल्या आपोआप चालू झाला.

परत मॅनेजरकडे. यूएसबीच्या गटात अननोन यूएसबी डिव्हाइस आणि कंसात डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड असं दिसत असेल, आत कोड ४३, तर बऱ्याचदा तेच तुमचं ब्लूटूथ असतं. लोक म्हणतात वायफाय चालतंय म्हणजे कार्ड ठीक आहे, पण एकाच कार्डावर असले तरी साधारणपणे वायफाय पीसीआय एक्सप्रेस नावाच्या आतल्या जोडणीने जोडलेलं असतं आणि ब्लूटूथ यूएसबीने, त्यामुळे एक धडधाकट आणि दुसरं आडवं असं आरामात होऊ शकतं. कोड ४३ ला ड्रायव्हर टाकून उपयोग नाही कारण कार्ड स्वतःचं नावच सांगत नाहीये, इथे ती वीज तोडायची युक्ती चालते, नाहीतर कार्ड काढून परत नीट बसवणं. डेस्कटॉपमध्ये वेगळं वायफाय कार्ड टाकलं असेल तर त्यासोबत आलेली ती बारीक केबल मदरबोर्डवरच्या ९ पिनांच्या यूएसबी हेडरला, म्हणजे आतल्या यूएसबीच्या जोडणीला, लावलीत का? डब्यातच राहते ती. मग वायफाय सुसाट आणि ब्लूटूथचा पत्ता नाही. आणि मागचे अँटेना पण लावा, वायफाय नको असलं तरी, ब्लूटूथ तेच वापरतं, नाही लावले तर हातभर अंतरावरून आवाज तुटतो.

ब्लूटूथचा गट आहे पण अडॅप्टर फिकट दिसतोय, कोड ४५, म्हणजे पूर्वी होता, आत्ता विंडोजला सापडत नाहीये. एकदा बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, जाऊन ब्लूटूथ बंद तर नाही ना बघून घ्या. अडॅप्टर ठळक आहे पण पिवळा त्रिकोण आहे तर राइट क्लिक, अनइन्स्टॉल डिव्हाइस, ड्रायव्हर पण काढायची टिक येईल ती करा, रीस्टार्ट, आणि मग योग्य ड्रायव्हर. अपडेटनंतरच बिघडलं असेल तर प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हर टॅबवर आधीचा ड्रायव्हर परत आणणारं रोल बॅक ड्रायव्हर असतं, ते बटण दाबण्यासारखं असेल तर आधी तेच दाबा.

ब्लूटूथ पेरिफेरल डिव्हाइस नावाच्या दोन-तीन पिवळ्या ओळी फोन जोडल्यावर आल्या असतील तर घाबरू नका. फोन आपल्या सगळ्या सेवा विंडोजला दाखवतो, त्यातल्या काहींसाठी विंडोजकडे ड्रायव्हर नसतोच. आवाज येतोय, फाइल जातेय, मग सोडून द्या. डोळ्याला खुपत असेल तर डिसेबल करा.

विंडोजच्या सर्व्हिसेस नावाच्या खिडकीत ब्लूटूथ सपोर्ट सर्व्हिस डिसेबल्ड नको, मॅन्युअल चालतं. थोड्या थोड्या वेळाने ब्लूटूथ जात असेल तर अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली वीज वाचवायला डिव्हाइस बंद करायची टिक काढा.

आणि हे सगळं करून झालं, कार्ड गेलेलंच आहे, तर डाँगल लावा, पण लावायच्या आधी जुना अडॅप्टर मॅनेजरमधून दिसत असेल तर डिसेबल करा, अनइन्स्टॉल नाही, कारण अनइन्स्टॉल केलेला पुढच्या स्टार्टला परत येतो. विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ रेडिओ सांभाळतं, दोन असले की गोंधळ होतो. डाँगल शक्यतो यूएसबी ३ ला लावलेल्या हार्ड डिस्कच्या शेजारी नको, तिथून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्येच येतो आणि ब्लूटूथ पण तिथेच बोलतं. छोटी एक्स्टेन्शन केबल लावून डाँगल जरा लांब ठेवला की झालं.