इंदूरहून एका दिवसाची सहल: आईबाबांना आणि पोरांना घेऊन कसं जमवायचं

पहिला पाऊस पडून गेला की आमच्या राजेंद्र नगरात घरोघरी एकच विषय, रविवारी कुठे जायचं. आणि मग शनिवारी रात्री अकरा वाजता ठरतं की ओंकारेश्वर करू आणि येताना महेश्वर पण करून घेऊ, जवळच तर आहे. नका करू असं. आम्ही केलंय, आई, बाबा, मावशी आणि दोन पोरं घेऊन. ओंकारेश्वरला लाइनीतच अडीच तास गेले, मग धावतपळत महेश्वर गाठलं तर घाटावर अंधार पडलेला, आणि बाबा गाडीतच बसून म्हणाले तुम्ही या पाहून, मी इथेच बरा आहे. ज्यांच्यासाठी निघालो होतो त्यांनीच काही पाहिलं नाही, हे मला अजूनही लागतं.

तेव्हापासून आमच्या घरी एक दिवस एक जागा. आणि जागा ठरवताना आधी हे विचारायचं की सगळ्यात जास्त कुणाचे गुडघे दुखतात, आणि त्या माणसाला झेपेल तिथेच जायचं, बाकीच्यांचं होतं बरोबर.

पहिल्यांदाच वडीलधाऱ्यांना नेत असाल तर मी डोळे मिटून महेश्वर सांगेन. जायचे रस्ते दोन, एक एबी रोडने, म्हणजे आग्रा-मुंबई हायवेने, मानपूर, धामनोद करून, साधारण 90-95 किलोमीटर, आणि दुसरा महूवरून जाम गेट उतरून मंडलेश्वरमार्गे. आम्ही जाताना जाम गेटने जातो आणि येताना हायवेने, कारण जामचा घाट दिवसा जितका सुंदर तितकाच संध्याकाळी धुक्यात अवघड, पावसाळ्यात तर समोरची गाडी दिसत नाही. जाम गेट म्हणजे विंध्याच्या अगदी काठावर अहिल्याबाईंच्या काळात बांधलेला दरवाजा, त्याच्या या बाजूला माळवा आणि पलीकडे खाली निमाड. तिथे उभं राहून पोरांना हे दाखवा, भूगोलाच्या पुस्तकात वाचून नाही कळत ते. दहा मिनिटं थांबा, भाजलेला भुट्टा घ्या, पण कठड्यावर चढून फोटो नको.

महेश्वरला दहाच्या आत पोचायचं म्हणजे इंदूरहून सहा-साडेसहाला निघायला हवं. आधी किल्ल्यात जायचं, राजवाड्यात अहिल्याबाईंची गादी आहे, पांढरी साधी बैठक, बघून आई दरवेळी गप्प होते. 1767 ते 1795 एवढा काळ या बाईंनी इथून राज्य चालवलं, काशीपासून रामेश्वरपर्यंत देवळं आणि घाट बांधले आणि स्वतः बसायच्या एवढ्याशा बैठकीवर. तिथेच सकाळी लिंगार्चन होतं, काळ्या मातीची बारीक बारीक शिवलिंगं हाताने पाटावर रांगेत मांडतात, पूजा करतात आणि मग नर्मदेत सोडून देतात. माझ्या मुलीने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती अर्धा तास जागची हलली नाही. गुरुजींची बोटं इतकी भराभर चालतात की एक लिंग संपून दुसरं कधी सुरू झालं कळत नाही. वेळ अहिल्येश्वराच्या देवळाच्या आसपास कुणालाही विचारा, सांगतात.

किल्ल्यातून घाटावर उतरायला पायऱ्या खूप आहेत आणि उंच पण. गुडघेवाल्यांना तिथून उतरवू नका, खाली गावातून घाटाकडे जाणारा रस्ता विचारून गाडी जमेल तितकी जवळ न्या, बाकीच्यांनी पायऱ्यांनी उतरून खाली भेटायचं. घाटावर पोचलात की घाई करू नका, बस. आईला शेवटच्या कोरड्या पायरीवर बसवायचं, पाय पाण्यात, एक माणूस कायम शेजारी, कारण पाण्याखालच्या पायरीवर शेवाळ असतं आणि ते वरून दिसत नाही. आई हात जोडते, नर्मदे हर म्हणते, आणि मग तासभर काहीच बोलत नाही. हा तासभर हीच खरी सहल आहे असं मी मानते, त्यामुळे तो कापून दुसरं काही बसवायचं नाही.

नाव घ्यायची असेल तर भाव बसायच्या आधी ठरवा, लाइफ जॅकेट मागून घ्या, संकोच करू नका. नदीच्या मधोमध बाणेश्वराचं छोटं देऊळ आहे, तिथपर्यंत नेऊन आणतात. दुपारी ऊन वाढलं की हातमागावर जा. माहेश्वरी साडीच्या काठावर चटाई, वीट, लहर असे नमुने असतात, आणि किल्ल्याच्या दगडात कोरलेली नक्षी आधी पाहून मग मागावर गेलात तर तीच नक्षी धाग्यात दिसते. मावशीने स्वतः बोटाने दाखवली होती, बघ ही तर आत्ता भिंतीवर होती! चारला निघायचं म्हणजे अंधाराआधी घर.

ओंकारेश्वर जवळ आहे, 80 किलोमीटरच्या आतबाहेर, पण मेहनत जास्त. खंडवा रोडवर सिमरोलच्या पुढे भेरू घाट लागतो, तिथे एखादा ट्रक बंद पडला की दोन तास गेलेच समजा, म्हणून पहाटे पाचला निघालेलं बरं. श्रावणात तर सोमवार टाळाच, आणि इथे एक गोष्ट आपल्या लोकांच्या लक्षात राहत नाही, हिंदीवाल्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, त्यामुळे आपलं कालनिर्णय बघून अजून आषाढच आहे म्हणून गेलात तर तुडुंब गर्दीत सापडाल. अमावास्या आणि महाशिवरात्रीलाही तेच. मंगळ, बुध, गुरु असा मधला वार काढता आला तर सोनं. दुपारी भोगासाठी दर्शन थोडा वेळ थांबतं, तेव्हा लाइनीत ताटकळायला लागू नये म्हणून सकाळीच उरकून घ्या.

ओंकारेश्वराचं देऊळ मांधाता बेटावर, पुलावरून चालत जायचं, मग चढ, पायऱ्या आणि अरुंद गाभारा. ज्यांना हे अगदीच झेपणार नाही त्यांना ममलेश्वराला न्या, ते अलीकडच्या काठावरच आहे, जुनं दगडी देऊळ, गर्दी कमी, आणि नाहीतरी दोन्ही मिळूनच दर्शन पुरं होतं असं आपण मानतो. बाबा आता तिथेच बसतात, आम्ही पलीकडे जाऊन येतो आणि त्यांना कुठे कमीपणा वाटत नाही. बेटाची परिक्रमा सातेक किलोमीटरची, ती तरुणांनी करायची, वाटेत जुन्या देवळांचे कोरीव खांब बघण्यासारखे आहेत. 2023 मध्ये उभारलेला आदि शंकराचार्यांचा 108 फुटी पुतळा दिसतोच. वरच्या अंगाला धरण आहे, पाणी सोडलं की पातळी झपाट्याने वाढते, भोंगा वाजला किंवा नावाडी ओरडले तर फोटो अर्धवट सोडून वर या. आंघोळ साखळ्या लावलेल्या घाटावरच, साबण नको, दिवा सोडायचा तर पानाच्या द्रोणातला.

अर्धाच दिवस हाताशी असेल तर देवास. 35 किलोमीटर, टेकडीवर रोपवे आहे, म्हणजे गुडघ्यांचा प्रश्नच मिटला. वर तुळजाभवानी आणि चामुंडा, इथले लोक मोठी माता, छोटी माता म्हणतात, दोघी बहिणी. ज्यांची कुलदेवी तुळजाभवानी आणि दर वर्षी तुळजापूरला जाणं होत नाही अशा आमच्या ओळखीच्या कितीतरी बायका इथे ओटी भरतात, तर खण, नारळ, तांदूळ घरूनच न्या. याच टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्व राहिले, आजारपणातून उठून पुन्हा गायला लागले ते याच गावात. बाबांना देवास म्हटलं की देवीच्या आधी तेच आठवतात.

महूजवळचा पातालपाणी धबधबा पावसाळ्यात सुंदर आहे पण कठड्याच्या अलीकडूनच बघा. जुलै 2011 मध्ये अचानक लोंढा येऊन तिथे माणसं वाहून गेली, वर डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही पाणी येतं. पोरं असतील तर पातालपाणी ते कालाकुंड मीटरगेजची हेरिटेज ट्रेन करा, 2018 च्या डिसेंबरात सुरू झाली, बोगदे, पूल, दरी सगळं खिडकीतून दिसतं आणि आजीला एक पाऊल चालावं लागत नाही. ती रोज नसते, तिकीट आधी बघून ठेवा. कालाकुंडला पानात मिळणारा कलाकंद घ्यायचाच.

खाण्याचं म्हणाल तर निघताना पोहे-जलेबी ठीक आहे, पण दुपारचं घरचं न्या. दुधात भिजवलेल्या दशम्या, लसणाची चटणी, लिंबाचं लोणचं, काकडी, हे दिवसभर टिकतं. बाफले, म्हणजे उकडून भाजलेले तुपातले कणकेचे गोळे, खाऊन घाटाच्या रस्त्याला लागलं की पोरं ओकतात आणि मोठी माणसं पेंगतात. गोळ्यांची डबी आईच्या पर्समध्ये नाही, आपल्या खिशात, आणि तिचे दुसरे कोरडे कपडे गाडीत, कारण ती नाही नाही म्हणत शेवटी डुबकी मारतेच.

आणि झाकणाची एक रिकामी कॅन विसरू नका. शेजारच्या काकू आता कुठे जात नाहीत, निघताना दारात उभ्या राहून एवढंच म्हणतात, पाणी आण गं थोडं.