पंपिंग ६० टक्के, तरीही धाप : एको वाचताना या चुका टाळा

टूडी एकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट आला की नातेवाईक एकच विचारतात, ‘पंपिंग किती?’ त्यांचं ठीक आहे हो. पण निवासी डॉक्टरही तेवढाच आकडा वाचून कागद घडी करतात, तेव्हा माझं डोकं फिरतं.

अडुसष्ट वर्षांच्या एक आजी. बीएमआय तिशीपार, बीपीच्या दोन गोळ्या, जिना चढला की धाप. एकोत इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला डावा कप्पा आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो, तेच हे पंपिंग) ६० टक्के, शेरा ‘नॉर्मल’. पंपिंग चांगलं म्हणून हृदय सुटलं आणि आजींच्या हाती दम्याचा पंप आला. सहा महिने तो ओढल्यावर एका रात्री त्यांना आडवं पडवेना, म्हणून कॅज्युअल्टीत आणलं. मी प्रोब ठेवला. पंपिंग तेव्हाही साठच! पण डाव्या कर्णिकेचा (वरच्या कप्प्याचा) इंडेक्स, म्हणजे शरीराच्या आकारमानाच्या हिशेबात तिचं आकारमान, ४६ (३४ च्या आत हवा), सरासरी ई बाय ई-प्राइम (आत शिरणाऱ्या रक्ताचा वेग भागिले सैल पडणाऱ्या स्नायूचा वेग) १७ (१४ च्या वर गेला की आतला दाब वाढलाय असं समजा), ट्रायकस्पिड या उजव्या झडपेतल्या गळतीचा वेग सेकंदाला ३.२ मीटर (मर्यादा २.८). हृदय आवळत नीट होतं, सैल पडत नव्हतं. जुना रिपोर्ट मागवला तर खाली सही माझीच. बाहेर रांग होती, स्नायूचा वेग मोजणारा टिश्यू डॉप्लर लावलाच नव्हता. जे मोजलं नाही, ते नॉर्मल लिहून मोकळा झालो होतो.

पंपिंग चांगलं असूनही हार्ट फेल्युअर असण्याची शक्यता सांगणाऱ्या, २०१८ साली आलेल्या एचटूएफपेफ गुणपद्धतीत वय, वजन आणि गोळ्या यांवरच आजींना ९ पैकी ४ गुण मिळतात, तेही यंत्राला हात न लावता. म्हणून मी आता आधी पायांची सूज बघतो, किती उशा घेऊन झोपता ते विचारतो आणि मगच जेल लावतो. धापेचा पेशंट असेल तर हे तीन आकडे लिहिल्याशिवाय सही नाही. रांग थांबते. थांबू दे.

याच्या उलटी चूक म्हणजे ‘ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन’चा (हृदय सैल पडण्यात पहिल्या पायरीचा बिघाड) शिक्का. साठीनंतर ई लाट (हृदय सैल पडताना आत येणारं रक्त) ए लाटेपेक्षा (कर्णिका आवळून ढकलते ते रक्त) बुटकी होणं हे केस पिकण्यासारखं आहे. तेवढ्यावर ठणठणीत माणसाला हृदयरोगी करू नका. शिवाय दाब चढला की हीच ई पुन्हा उंच होते आणि आजारी हृदय नॉर्मल दिसतं. एका लाटेवर निदान करणाऱ्या घाईखोरांना ती दोन्हीकडून फसवते.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे ठोके अनियमित पडत असताना, एकाच ठोक्यावर मोजू नका. मी किमान पाच ठोके घेतो.

मायट्रल रिंगमध्ये (डाव्या झडपेभोवतीच्या कड्यात) कॅल्शियम साचलं असेल तर ई बाय ई-प्राइम विसरा.

जुन्या अटॅकच्या पेशंटचं पंपिंग एम-मोडवर (एकाच रेषेवरच्या मोजमापावर) काढणं म्हणजे एक भिंत बघून घराचा नकाशा काढणं. बायप्लेन सिम्पसन, म्हणजे दोन बाजूंच्या चित्रांवरून मोजमाप, करा, आणि चित्रात हृदयाचं टोक कापलं जाऊ देऊ नका.

डॉप्लरची रेघ प्रवाहाला तिरकी गेली की वेग कमीच येणार. गळतीचा वेग मी एका खिडकीतून (छातीवरच्या एकाच जागेवरून) घेऊन कधीच थांबत नाही.

उंची-वजन पेशंटला विचारू नका, मोजा. बायका वजन कमी सांगतात, पुरुष उंची जास्त. इंडेक्स दोन्हीकडून बिघडतो.

आणि झोपवून केलेला एको स्वच्छ आला, तरी जिन्यावर धाप लागतेच म्हणतात? मग सायकलवर बसवा आणि पुन्हा मोजा.